घंगाळातले चार दाणे

धायरी, पुणे
९ मे २०२५

मा. संचालिका,
अवनी होमवेअर, मेलबर्न यांस,

नमस्कार. 'सप्रेम' हा शब्द सवयीने हाताशी आला होता, पण वगळला आहे.

आपण इंग्रजीत ई-मेल लिहिता, मी मराठीत उत्तर देणार. मला टाइप करता येतं, पण टाइप करून नीट रागावता येत नाही. म्हणून हाताने लिहून पानांचे फोटो पाठवते आहे. अक्षर आपल्याला लागेल. चार वर्षांपूर्वीपर्यंत हेच अक्षर वाचून आपण आमच्या कारखान्यात ऑर्डरी काढत होतात.

मायना वाचून हसू नये. माझ्या मुलाशी घटस्फोट घेतलेल्या मुलीला पत्रात काय म्हणायचं, याची रीत आमच्या घरात नव्हती. सूनबाई म्हणता येत नाही आणि चिरंजीव म्हणावंसं वाटत नाही. मागच्या वर्षी ही पहिलीच ऑर्डर देताना आपणच लिहिलं होतं, की हा व्यवहार केवळ व्यवहार राहील. मग संचालिकाच बऱ्या.

तर व्यवहार. तुमच्या देशात माल उतरवायला काय काय लागतं ते आपण कळवलं होतं. ते सगळं झालं आहे. मागाहून 'पुण्याहून सांगितलं नव्हतं' असं ऐकून घ्यायची माझी तयारी नाही, म्हणून लिहून ठेवते. प्रत्येक कागदावर माल मागवणारी म्हणून आपल्या कंपनीचं नाव आहे. माल तिथल्या बंदरावर उतरला की तो आपला आणि जबाबदारीही आपली, हे आपण मला फोनवर लहान मुलीला सांगावं तसं समजावलंत. बिल, पॅकिंगची यादी आणि माल भारतात बनल्याचा दाखला एकमेकांशी जुळतात. कल्हईत शिसं नाही, असा प्रयोगशाळेचा अहवाल जोडला आहे. माझे सासरे शिसं वापरणाऱ्या कल्हईवाल्याला दारात उभं करत नसत, पण तुमच्या सरकारची आणि माझ्या सासऱ्यांची ओळख नाही. त्यामुळे अहवाल.

तांब्या-पितळेची भांडी भाताच्या पेंढ्यात बांधायची ही आमची तीन पिढ्यांची पद्धत. पेंढा चालत नाही म्हणालात, बंद केला. कागदाच्या पट्ट्या आणल्या. खालच्या लाकडी फळ्या भट्टीत तापवून शिक्का मारलेल्या घेतल्या. हंड्यावर कर कुठल्या वर्गाचा लावायचा यावरून तुमचा तिथला कस्टम एजंट आठवडाभर अडून बसला होता. हंडा पूजेचा की स्वयंपाकाचा, असं त्याने विचारलं. मी कळवलं, पाण्याचा.

माल निघायच्या आधीच आपल्या वेबसाइटवर घंगाळाचा फोटो पाहिला, मी पाठवलेल्या फोटोवरूनच कॉम्प्युटरवर बनवलेला. दिवाळीत पहाटे अंघोळीचं पाणी काढायचं ते घंगाळ. त्यात बर्फ, आणि बर्फात दारूच्या बाटल्या. ह्यांना दाखवला. ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "बाटल्यांची तरी अंघोळ होतेय." मला हसू आलं नाही.

शेवटचं राहिलं होतं ते पॅकिंगचं प्रतिज्ञापत्र. पेंढा आहे का? नाही. माती आहे का? नाही. झाडाची साल, पानं, बियाणं? नाही. खाली सही केली. कंटेनर उद्या न्हावाशेव्याला जाईल. गौरी-गणपतीच्या आत माल तुमच्या दुकानात लागायला हरकत नाही.

कळावे. लोभाचा प्रश्न नाही.

कुसुम
मालक, गोपाळकृष्ण भांडी


धायरी
२४ जून २०२५

अवनी,

आज संचालिका वगैरे जमणार नाही.

तुझी मेल सकाळी वाचली, दुपारी पुन्हा वाचली, मग ह्यांच्याकडून वाचून घेतली, कारण मला वाटलं मीच काही चुकीचं वाचते आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी कंटेनर उघडला. प्रत्येक भांड्यात त्यांना तांदळाचे दाणे आणि कसलंसं मूळ सापडलं. माल सील करून ठेवला आहे. आता एक तर त्यांच्या देखरेखीखाली सगळी भांडी साफ करायची, नाही तर माल परत पाठवायचा, नाही तर तो खोल खड्डा खणून पुरून टाकायचा. साफ करायची परवानगी हवी तर ही वस्तू भांड्यात गेली कशी, याचा बनवणाऱ्याच्या सहीचा खुलासा पंधरा जुलैच्या आत पोचला पाहिजे. आणि माल मागवणारी तू असल्यामुळे, खुलासा पटला नाही तर तुझा पुढचा प्रत्येक कंटेनर अडवतील, कदाचित माल मागवण्याची परवानगीच जाईल.

एवढं मला कळलं. न कळलेली गोष्ट शेवटच्या ओळीत आहे. "तुमच्या बाजूला ही घाण कशी झाली ते कृपया स्पष्ट करावे." खाली 'रिगार्ड्स'.

घाण? मार्केट यार्डातून मी स्वतः निवडून आणलेला आंबेमोहोर आहे तो. अख्खा दाणा, तुकडा एक नाही. कांडलेला, पॉलिश केलेला, वर कुंकू लावलेला. सोबतचं मूळ म्हणजे हळकुंड, तेही उकडून वाळवलेलं. तुमच्या त्या देशातल्या सगळ्या शेतात नेऊन पुरलं तरी त्याला कोंब फुटणार नाही. तांदूळ हे बियाणं आहे, हे मला तुझ्या मेलसोबतच्या फोटोखालच्या ओळीवरून कळलं. आमच्याकडे बियाणं पेरतात. हे पेरण्यातलं नव्हतं.

मी प्रतिज्ञापत्रावर 'नाही' लिहिलं, ते खोटं लिहिलं असं तुझ्या एजंटाचं म्हणणं आहे. त्याला सांग, पेंढा विचारला, माती विचारली, साल विचारली, सगळ्याची खरी उत्तरं दिली. शकुनाचं काही आहे का, असा रकाना त्या कागदावर नव्हता.

आणि पुरणार म्हणजे काय? शंकरने चार महिने हंडे ठोकले. आता साठीला आलाय तो, खांदा धरून घरी जातो. आमच्याकडे भांडं जमिनीत पुरतात ते आत सोनं असलं तर. तुमच्याकडे आत तांदूळ असले म्हणून पुरतात. असो, देश तुझा, बंदर तुझं, माल कागदावर तुझा.

मेलसोबतचा फोटो तू पाहिला असशील. पांढरा हातमोजा, त्यावर चार लाल दाणे आणि एक हळकुंड. पुन्हा एकदा बघ. मोठा करून बघ. मग मला विचार, आमच्या बाजूला काय झालं ते.

कुसुम


धायरी
२८ जून २०२५

अवनी,

खुलाशाचा मसुदा तूच करून पाठवलास. एवढी तत्परता तू इथे असताना दाखवली असतीस तर, असं लिहिणार होते, पण तेव्हाही तू तत्पर होतीस. ते राहू दे.

मसुद्यातली तीन वाक्यं मी इथे मराठीत उतरवते, म्हणजे लिहिताना तुला जे वाटलं नाही ते वाचताना वाटेल. "पॅकिंग करणाऱ्या कामगाराच्या जेवणातील अन्नकण निष्काळजीपणामुळे भांड्यांत पडले. संबंधित कामगारास कामावरून काढून टाकण्यात आले आहे. भांड्यांत धान्य घालण्याची कोणतीही पद्धत आमच्या कारखान्यात नाही." आणि खाली माझ्या सहीला जागा.

मी सही करणार नाही.

एक तर प्रत्येक भांड्यात नेमके चार दाणे आणि एक हळकुंड सांडत जेवणारी बाई मला एकदा दाखव. मी तिचा सत्कार करीन. दुसरं, आमच्याकडे पॅकिंग करणारा 'संबंधित कामगार' म्हणून कुणी नाही. सुंदराबाई आहे. तुला माहीत आहे ती कोण. तुला कावीळ झाली होती तेव्हा रोज सकाळी धायरी गावातून उसाचा रस घेऊन कारखान्यात येणारी, ती. तिला एका ओळीत काढून टाकलंस, नावसुद्धा न लिहिता.

आमोदला फोन केला. हिंजवडीत कुठल्या तरी मीटिंगमधून बाहेर येऊन म्हणाला, "आई, साइन करून टाक ना यार. स्टँडर्ड फॉरमॅट असतो तो. कोण व्हेरिफाय करायला येणारे धायरीला?" मी फोन ठेवला. लग्नाच्या सहा वर्षांत तुमचं दोघांचं कशावर एकमत झालेलं मी पाहिलं नाही. ते आता झालं, आणि तेही या वाक्यावर.

ह्यांनी मसुदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "सही केलीस तर भांडी वर येतील आणि सुंदराबाई खड्ड्यात जाईल." मग टीव्ही लावला.

तू म्हणशील, तिला खरंच काढायचं नाही, फक्त कागदावर लिहायचं. त्यांना असंच उत्तर लागतं, चूक कुणाची आणि त्याला शिक्षा काय. हे मला कळतं, मी काही आज दुकानावर बसले नाही. पण कागदावर तरी का? तो कागद तिथे तुमच्या सरकारात राहणार. धायरीची सुंदराबाई भांड्यात उष्टं सांडते, असं तिथे कायमचं लिहिलेलं असणार. तिला कधी कळणार नाही. मला कळेल.

राग मला त्या पहिल्या दोन वाक्यांचा आलाच आहे. पण तिसरं वाक्य तू कसं लिहिलंस, हे मला अजून समजत नाही. "कोणतीही पद्धत आमच्या कारखान्यात नाही." हे लिहिताना तुझा हात थांबला नाही?

कुसुम


धायरी
२ जुलै २०२५

अवनी,

तुझी आठवणीची मेल आली. मुदत संपत आली आहे, कृपया सही करून पाठवावे. मुदत मला ठाऊक आहे.

काल मसुदा सुंदराबाईला वाचून दाखवला. दाखवायला नको होता, असं हे म्हणतात. पण तिच्याबद्दल लिहिलेलं तिला न सांगता मी गप्प बसायचं, हे मला जमेना. ती हंड्यांना कागद लावत बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवो ताई, म्या काय इख घातलं व्हतं का भांड्यात? तांदूळच हायेत की. अन् मला शिकिवलं कुनी? तुमी तर तवा वरडत व्हता. धाकल्या वैनीनंच हाताला धरून शिकिवलं."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वैनीला ठावं न्हाई व्हय?"

याचं उत्तर मी देणार नाही. तू दे.

तुझ्या लक्षात नसेल तर मी आणून देते. तुझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. कर्वेनगरच्या एका घरची रुखवताची ऑर्डर होती, मुलीच्या संसाराची सगळी भांडी. टेम्पो भरून झाला होता, ड्रायव्हर हॉर्न देत होता. तू टेम्पो थांबवलास. घरातून कुंकू लावलेले तांदूळ घेऊन आलीस, मागे चढलीस आणि एकेक झाकण उघडून प्रत्येक भांड्यात चार दाणे आणि एक हळकुंड घातलंस. पाऊण तास. मी सगळ्या कामगारांसमोर तुला बोलले, "हे दुकान आहे की देऊळ?" तू टेम्पोतूनच म्हणालीस, "आई, कुणाच्या नव्या संसाराला रिकामं भांडं कसं द्यायचं?"

त्या घरच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी फोन केला. रडत होत्या. मला वाटलं हंडा गळतोय. त्या म्हणाल्या, झाकण उघडलं आणि आत अक्षता दिसल्या, आमच्या मुलीची ओटी भांड्यांनीच भरलीत. त्यानंतर ऑर्डरी कशा वाढल्या ते तू पाहिलंस. लोक 'ते अक्षतावाले' म्हणून धायरी शोधत यायला लागले. तरी मी कुरकुरतच होते. तांदूळ निवडायला बाई लागते, हळकुंडं महाग झाली, एवढा सोस कशाला. तू ऐकलं नाहीस. सुंदराबाईला जवळ बसवून शिकवलंस, की झाकण लावायच्या आधी, आणि दाणा अख्खा हवा.

ही पद्धत तुझी आहे, अवनी. माझी नव्हती, माझ्या सासूची नव्हती. तुझी. आणि आता तू मला इंग्रजीत लिहून विचारतेस, तुमच्या बाजूला ही घाण कशी झाली.

तुला फोटो ओळखू आला नाही, हे मी मानायला तयार नाही. ओळखू आला आणि तरी तसं लिहिलंस, हेही मानवत नाही. दोन्हींतलं कुठलं खरं ते कळव. इंग्रजीत कळवलंस तर उघडणार नाही.

कुसुम


धायरी
५ जुलै २०२५

अवनी,

तुझं उत्तर आलं. मराठीत, एका ओळीचं. "आई, तुम्ही अजून घालता?"

चार वर्षांत पहिल्यांदा आई म्हणालीस. त्या एका शब्दाने माझा राग उतरेल असं वाटलं असेल तर चूक आहे. उलट वाढला. अजून म्हणजे काय? तू गेलीस म्हणून भांड्यांनी रिकामं जायचं?

मागून तू पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलास, तोही ऐकला. फोटो पाहिल्याबरोबर तुला ओळखू आलं होतं, म्हणालीस. पण मी तुझ्या पद्धतीवर एवढी चिडत असे, की तू गेल्या दिवशीच मी ती बंद केली असणार, अशी तुझी खात्री होती. म्हणून तुला वाटलं, सुंदराबाईने माझ्या नकळत जुन्या सवयीने घातले असतील, आणि मी कळल्यावर तिला खरंच काढून टाकीन. म्हणजे तुझ्या मते तू मसुदा करून तिला वाचवत होतीस. कागदावर काढली की मी प्रत्यक्षात काढणार नाही, असा हिशोब. इतकी वर्षं एका घरात राहून तू मला एवढंच ओळखलंस. हे ऐकून मी पाणी प्यायले, मग पुन्हा ऐकलं.

का घालते, असंही विचारलंस. सांगते. एकदाच सांगेन.

तू मेलबर्नला निघालीस तेव्हा घटस्फोट व्हायचा होता. आमोदचं आणि तुझं बोलणं बंद होतं, पण तू माझ्या घरातून लांब निघाली होतीस आणि घरातल्या बाईला मी रिकाम्या ओटीने बाहेर पाठवत नाही. ताटात तांदूळ काढून ठेवले होते. नारळ, खण, हळकुंड, सगळं. तू बॅग घेऊन जिना उतरलीस आणि कॅबमध्ये बसलीस. मी ताट घेऊन दारापर्यंत आले होते. कॅब वळली. तू वर पाहिलं असतंस तर दिसले असते. तू वर पाहिलं नाहीस.

ताटातले तांदूळ परत डब्यात घालायचे नसतात. दुपारी कारखान्यात गेले, ताट तसंच घेऊन. कोथरूडची हंड्यांची गाडी भरत होती. मी ते तांदूळ हंड्यांत घातले. सुंदराबाई बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखी अक्षतांची वाटी पुढे ठेवली आणि मी नको म्हटलं नाही. तेव्हापासून आमच्याकडून एक भांडं रिकामं गेलेलं नाही. तुझी ऑर्डर भरली तेव्हा तर मी स्वतः बसले होते. दुसऱ्या कुणाचं नाव घालायची गरज नाही. तुझ्या दुकानात रिकामं भांडं कसं पाठवायचं, हे मला कळेना. आणि इतकं करून मला काय मिळालं? घाण.

माझा राग गेलेला नाही. मला तुझा राग तेव्हाही आला होता आणि आजही आहे. फक्त कशाचा, ते आता तुला नीट माहीत आहे.

आता खुलासा. तुझा मसुदा फाडला. मी लिहिला तो असा, ह्यांनी इंग्रजी करून दिला आहे, सहीशिक्क्यासह सोबत आहे:

"प्रत्येक भांड्यात कांडलेल्या तांदळाचे चार दाणे, त्यांना लावलेलं कुंकू, आणि उकडून वाळवलेलं एक हळकुंड आहे. याखेरीज कुठल्याही भांड्यात काही नाही. हे चुकून पडलेलं नाही. मी, कारखान्याची मालक, जाणूनबुजून घातलं. आमच्याकडे कुणालाही रिकामं भांडं देत नाहीत. तुमच्या देशात हे बियाणं समजतात, हे मला माहीत नव्हतं. माल मागवणाऱ्या कंपनीला याची कल्पना नव्हती. कुठल्याही कामगाराची चूक नाही आणि कुणालाही काढलेलं नाही. यापुढे तुमच्या देशात जाणाऱ्या भांड्यात काहीही घालणार नाही."

हे पाठवलंस तर 'जाणूनबुजून' या शब्दावर ते अडतील, अशी तुला भीती वाटेल. एजंटही नको म्हणेल. पण खोटं लिहून भांडी सोडवायची असतील तर पुरू देत. शंकरला मी सांगेन. तू हेच पाठव, एक शब्द न बदलता.

कुसुम


धायरी
८ ऑगस्ट २०२५

अवनी,

माल सुटल्याची बातमी सगळ्यात आधी ह्यांना कळवलीस. मला नाही. ठीक आहे, तुमचं दोघांचं आधीपासून बरं जमायचं.

ह्यांनीच सांगितलं, की त्या 'जाणूनबुजून' शब्दाने काम झालं. सगळ्या भांड्यांत तेच आणि तेवढंच आहे, असं बनवणाऱ्याने छातीठोक लिहून दिल्यामुळे त्यांना साफ करायची परवानगी देता आली. काय आहे तेच माहीत नसतं तर सगळं पुरलं असतं. एजंटाने तुला विचारलं म्हणे, ही बाई कोण. काय सांगितलंस ते ह्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या दोन कंटेनरांची कसून तपासणी होणार, तेवढ्यावर तुझी परवानगी निभावली.

गोदामात भांडी साफ होताना तू दिवसभर उभी होतीस, हेही कळलं. अधिकाऱ्याने एकेक झाकण उघडायचं, दाणे पिशवीत टाकायचे, आणि मग त्या पिशव्या भट्टीत. तू काहीतरी बोलली असशील किंवा नसशील. शंकरच्या हंड्यांना एक पोचा पडला नाही, असं कळवलंस, ते त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पडायचाच नव्हता." आणि घंगाळं सगळ्यात आधी संपली, असंही कळलं. संपू देत. कुणी कशात काय ठेवावं यावर मी बोलणं सोडलं आहे.

पुढची ऑर्डर मिळाली. आम्ही घेतो. भांडी या वेळी रिकामी येतील. काल सुंदराबाईने पहिली पेटी बांधली. झाकण लावताना दर वेळी तिचा हात थांबतो, शेजारी वाटी चाचपतो. वाटी मी आत नेऊन ठेवली आहे. दुपारी ती म्हणाली, "ताई, लई वंगाळ वाटतंय बगा, अशी धाडायला." मी तिला म्हटलं, लाव झाकण. माझं मला माहीत, मी कसं म्हटलं ते.

कायदा तुमचा आहे, मोडायला सांगत नाही. पण कायदा फक्त इथला दाणा तिथे उतरू नये, असं म्हणतो. तिथल्या दाण्याबद्दल तो काही म्हणत नाही, हे मी ह्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं आहे. तेव्हा आता माझी एकच अट आहे, आणि ती बिलावर छापणार नाही. तुझ्या गावात तांदूळ मिळत असतील. घे. अख्खा दाणा बघून घे, तुकडा नको. कुंकू तुझ्याकडे असेलच, नसेल तर आण. भांडं दुकानातून गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी झाकण उघडायचं आणि चार दाणे आत घालायचे. गिऱ्हाईक विचारेल हे काय. त्याला टेम्पोतून मला जे सांगितलं होतंस, ते सांग. मला पटायला वेळ लागला, त्यालाही लागेल.

दुकानात गर्दी असते, वेळ नसतो, माणसं नाहीत, यातलं एकही कारण मला कळवू नकोस. ड्रायव्हर हॉर्न देत असताना तुला वेळ होता.

पद्धत तुझी आहे. चार वर्षं मी सांभाळली. आता तुझी तू सांभाळ.

आई

ता. क. घंगाळातसुद्धा घालायचे. बाटल्या मागून ठेवू देत.